इंदूताई, तुमचा बाळंतविडा

इंदूताई,

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' असं त्यात छापलंय. मनमिळाऊ होतात हे खरं, पण किती हट्टी होतात ते कुणी लिहिलं नाही. सुई ओठांत धरून बोलायचात, हसू आलं की पदर तोंडावर घ्यायचात, यातलं काहीच त्या ओळींत नाही. फोटोही लग्नकार्यातला, तोंड मिटून बसलेला. मला तो बघवला नाही. मी नोकरीभर कचेरीत मसुदे लिहिले. मेलेल्या माणसाशी बोलायचं लिखाण कधी केलं नाही. तुम्ही समोर दिवाणावर बसला आहात, मांडीवर कापड आहे आणि कान माझ्याकडे आहेत, असं धरून लिहिते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिलात ती दुपार मला आठवते. नाशिकला उपनगरच्या आमच्या त्या दोन खोल्या, मनीषा कामावर, माझा प्रशांत कामावर, मी नुकतीच निवृत्त झालेली आणि घरात काय करायचं ते न समजणारी. बेल वाजली. डोक्यावर पदर, हातात फुगलेली कापडी पिशवी, पायांत धुळीनं भरलेल्या चपला.

"मनीषा हितंच राहती का?"

हनुवटीवरूनच मी ओळखलं. मनीषाची हनुवटी तशीच आहे, मधे दाबल्यासारखी.

"मी तिची आई," तुम्ही म्हणालात.

इंदूताई, त्याआधीची दोन वर्षं मी मनातल्या मनात भाषणं तयार केली होती. तुमच्या सायखेड्याहून कुणी आलं तर काय काय सुनावायचं, ते सगळं पाठ होतं. आम्ही बौद्ध, तुम्ही मराठा, पोरांनी एकमेकांना पसंत केलं, रजिस्टर लग्न केलं. तुमच्याकडून कुणी आलं नाही. आला तो तात्यांचा निरोप, इकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही म्हणून. जन्मदात्या बापाचा तो निरोप ऐकून तुमची लेक आमच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली होती. घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासत होती. ते मी पाहिलेलं. त्यामुळे माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. तोंडातून मात्र एवढंच आलं, "या."

तुम्ही दिवाणाच्या अगदी काठावर बसलात, आणि मी पाणी आणायच्या आत पिशवी मोकळी करायला लागलात. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, एक कुंची. सगळं घडी घालून, एकावर एक.

"बाळंतविडा आईनं न्यायचा आसतो," तुम्ही खाली बघत म्हणालात. "पोरीला सातवा लागला आसंल. आमचा राग तिच्यावर, तिचा आमच्यावर. बाळाचा कशापायी?"

"घरी सांगून आलात?"

"डोळ्याच्या दवाखान्यात चालले म्हनून सांगितलं."

मी एक झबलं हातात घेतलं. इतकं लहान की माझ्या तळव्यावर मावावं. शिवण सगळी बाहेरच्या अंगाला होती.

"हे उलटं आहे का?"

"नाय वो. आत शिवण ठेवली की बाळाला टोचती. पयलं वरीस शिवण बाहेरून."

मग माझ्या बोटांना कापड कळलं. सायीसारखं मऊ, धुऊन धुऊन झिरझिरीत झालेलं.

"हे नवीन नाही."

"नवं लय कडक आसतं. जुन्या धोतराचं काढलंय."

तिथं माझं बिनसलं. तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मी सांगितलं, पण फार तुटक सांगितलं. माझी आई नाशिकरोडला बंगल्यांमधे धुणीभांडी करायची. त्या घरांतून उतरलेले कपडे यायचे आणि त्यावर आम्ही भावंडं वाढलो. पाचवीला मी नव्या शाळेत गेले तो फ्रॉक ज्या मुलीचा होता, ती माझ्याच वर्गात निघाली. ती काही बोलली नाही. चिडवलंही नाही. नुसती तासभर फ्रॉककडे बघत राहिली, आपली वस्तू ओळखावी तशी. त्या दिवसापासून माझं ठरलेलं. प्रशांतच्या अंगाला मी कधी कुणाचं जुनं लागू दिलं नाही, उधारीनं का होईना नवं आणलं.

"माझ्या घरात बाळाला जुनं कापड घालायचं नाही," मी म्हणाले.

तुम्ही वाद घातला नाहीत. घातला असतात तर मला सोपं गेलं असतं. सगळ्या घड्या पुन्हा पिशवीत भरल्यात, पदर सारखा केलात आणि दाराशी जाऊन वळलात.

"परक्याचं न्हवतं वो ते. बाळाच्या आज्याचं धोतर हाय. तो मानूस काय यायचा नाय. म्हनलं, त्याचं कापड तरी लागू दे लेकराला."

आणि जिना उतरून गेलात. संध्याकाळी मनीषाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा माझ्यावर चिडेल. तिनं एवढंच विचारलं, "आईनं कुठली साडी नेसली होती?" मी म्हणाले, हिरवी, बारीक ठिपक्यांची. ती म्हणाली, "म्हणजे चांगली नेसून आली होती."

तुम्ही पुन्हा याल असं मला वाटलं नव्हतं. पण आलात, तीच पिशवी घेऊन. बसायच्या आधीच म्हणालात, "ह्ये नवं हाय. मलमल. पाण्यात घालून, आपटून, वाळवून, परत पाण्यात घालून तिचा सगळा नवेपणा काढलाय. आता बघा."

मी बघितलं. खरंच धोतराच्या जवळपास आलं होतं.

"तुमचं बोलनं घेऊन घरी गेले," तुम्ही म्हणालात. "आमच्याकडं मळ्यात गडी-मानसं हायेत. त्यांच्या पोरांना आमच्या पोरांची उतरलेली कापडं मीच द्यायची. देताना लय बरं वाटायचं. घेनाऱ्याला कसं वाटत आसंल, ते कंधी डोक्यातच आलं नाय."

हे तुम्ही असं बोललात, जणू भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगताय. आमच्या दोन घरांमधे जे होतं त्यावर मी सभा ऐकल्या होत्या, पुस्तकं वाचली होती. समोर बसून "डोक्यात आलं नाय" असं साधेपणानं म्हणणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

"ते धोतर टाकून दिलंत का?" मी विचारलं.

"टाकीन कशी?"

वाद मिटला नाही, इंदूताई. माझं म्हणणं मी सोडलं नाही, आजही सोडलेलं नाही. जुनं कापड प्रत्येकाच्या अंगाला सारखं लागत नाही. तुमचंही तुम्ही सोडलं नाहीत, की बाळाच्या अंगाला घरातल्या माणसांचं काहीतरी लागलं पाहिजे. तोड तुम्हीच काढलीत. गोधडी. "वरून नवं, खालून नवं. आतल्या थराला धोतर घालते. आत काय हाय ते बाळाला दिसनार नाय, पन ऊब लागंल. चालंल?" मी आत गेले, कपाट उघडलं आणि माझ्या आईची पांढरी साडी आणून तुमच्यापुढे ठेवली. ती गेल्यापासून मी तिची घडी मोडली नव्हती. तुम्ही साडी उलगडलीत, दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "लय चांगली राखलीय. धोतराच्या वरच्या अंगाला घालू."

त्या गोधडीपायी तुम्ही मला सुई धरायला लावलीत. आमच्या पुढच्या खोलीत चटईवर चारही कोपऱ्यांना डबे ठेवून ती पसरलेली. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या. तुमचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे एका ओळीत. माझे कुठे लांब, कुठे आखूड, मधेच वाट चुकलेले. मी उसवायला निघाले की हातावर चापट मारायचात. "ऱ्हाऊ द्या. बाळ काय टाके मोजायला बसतंय?" दवाखान्याच्या नावाखाली तुम्ही इतक्या वेळा यायला लागलात, की एकदा मीच म्हणाले, "अहो, खरंच डोळे दाखवून या, नाहीतर घरी विचारतील डॉक्टर काय म्हणाला." तुम्ही गेलात आणि चष्मा लागला! सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवलात तेव्हा माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच इतकी वर्षं तुमचा चष्मा लपवून ठेवला होता.

आणि त्याच दुपारी मनीषा लवकर घरी आली. पाय सुजले म्हणून कामावरून सोडलं होतं तिला. दार उघडं होतं. ती उंबऱ्यात थांबली, तुम्ही चटईवर, हातात सुई. मी उठून स्वयंपाकघरात जाणार होते, पण माझा पदर गोधडीच्या टाक्यात अडकला होता. मीच शिवून ठेवला होता! म्हणून मला ते सगळं बघावं लागलं.

"आई, तुला चष्मा कधी लागला?" मनीषा म्हणाली.

"आत्ताच. आज."

"बरा दिसतो."

"तुझे पाय दाखव."

ती तुमच्यासमोर बसली, पाय पुढे केले. तुम्ही सुई कापडात खोचून ठेवलीत आणि तिचे घोटे दाबायला लागलात. मग ती रडली, आणि तुम्ही नव्या चष्म्याखालून पदर घालून डोळे पुसत बसलात. मी पदर सोडवायचा प्रयत्न करत होते. तो काही सुटत नव्हता. शेवटी तुम्ही दोघीही माझ्याकडे बघून हसायला लागलात.

आपली नात मैत्री थंडीत झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तुम्ही आधीच दारात. कुंची घातलेलं तिचं लालबुंद तोंड बघून म्हणालात, "आमच्या हनुवटीचं हाय." नामकरणाच्या दिवशी भन्तेजी आले, वंदना झाली. तुम्हाला त्यातलं काही येत नव्हतं. मागे भिंतीला टेकून हात जोडून बसलात आणि सगळे उठल्यावरच उठलात. मग बायकांनी पाळणा म्हणायला तुम्हालाच पुढे केलं. तुमचा आवाज जाडा, सूर जरा इकडेतिकडे, पण मैत्री झोपली.

त्यानंतरच्या वर्षांत तुमचं शिवणं थांबलं नाही. प्रत्येक फ्रॉकच्या खाली आत दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं असायचं. पोर वाढली की तेवढी दुमड उसवायची. मैत्री एकेक फ्रॉक दोन-दोन वर्षं घालायची आणि खालच्या कडेला जुन्या दुमडीची रेघ दिसायची. तिच्या मैत्रिणीनं विचारलं, ही रेघ कसली? मैत्री म्हणाली, "मी आधी इथपर्यंत होते."

सगळंच जमलं असं नाही. तो हत्ती आठवतो ना? राखाडी कापडाचा, आत कापूस ठासून भरलेला. सोंड जड झाली आणि पोट फुगलं. मैत्रीनं त्याला हातात घेऊन सगळीकडून बघितलं आणि आनंदानं किंचाळली, "डुक्कर!" तुमचा चेहरा! मी म्हणाले, अगं, हत्ती आहे. ती ऐकेना. पुढच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा पिशवीतून त्याच राखाडी कापडाची दोन पिल्लं काढलीत आणि म्हणालात, "घे, तुझ्या डुकराची लेकरं." ती तिघं अजून तिच्या उशाशी असतात.

खिशांसाठी तिनं तुमच्यापुढे हट्ट धरला होता. मुलांच्या चड्डीला खिसे असतात, माझ्या फ्रॉकला का नाहीत? तुम्ही म्हणालात, फ्रॉकला खिसा लावला की घोळ बिघडतो. ती म्हणाली, मग चिंचोके कुठे ठेवू? पुढच्या फ्रॉकला चार खिसे आले, दोन पुढे, दोन मागे. मागचे दोन कशाला, विचारलं तर म्हणालात, "पुढचे भरल्यावर मागायला नको परत."

तिच्या पाचव्या वाढदिवसाला तर तुम्ही कमालच केलीत. आलेल्या पोरांना देण्यासाठी मी मेन रोडवरून प्लास्टिकच्या वस्तू आणणार होते. तुम्ही म्हणालात, थांबा. आणि बटवे घेऊन आलात. प्रत्येक वेगळ्या कापडाचा, प्रत्येकाला ओढायची नाडी, नाडीच्या टोकाला कापडाचाच गोंडा. पोरांनी गोंड्यांवरून मारामारी केली. एका आईनं विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "आमच्या विहीणबाई." तुम्ही मला आत बोलावलंत आणि दबक्या आवाजात म्हणालात, "मला ताई म्हना. विहीन म्हनलं की रुसवाफुगवा आल्यावानी वाटतं." तेव्हापासून तुम्ही इंदूताई आणि मी सुमनताई.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धंच राहिलंय, आणि तुम्ही नाही म्हणून मी ते गोड करून लिहिणार नाही.

मैत्री दोनेक वर्षांची असेल. मी तुम्हाला विचारलं होतं, तात्यांना अजून खरंच काही ठाऊक नाही का? तुम्ही हसलात. "मानसाचं धोतर कमी झालं तर त्याला कळनार नाय व्हय? पयल्यापासून ठावं हाय. तेच तर मोटारसायकलवर स्टँडपत्तुर सोडायला येत्यात. म्हनत्यात, डोळ्याचं औषध आन नीट."

मला त्याचं कौतुक वाटलं नाही. तुम्हाला वाटत होतं. तुमच्या डोळ्यात ते दिसत होतं, की बघा, माझा माणूस आतून किती मऊ आहे. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. माणूस स्टँडपर्यंत येतो, बसमधे बसवून देतो, नात आहे हे त्याला माहीत आहे, आणि तिचं तोंड बघायला अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर येत नाही. मग त्या मऊपणाचं करायचं काय?

"मनीषाला आणि मैत्रीला एकदा सायखेड्याला घेऊन जा," मी म्हणत राहिले.

"थांबा थोडं," तुम्ही म्हणत राहिलात. "धाकट्याचं लग्न हुऊ द्या." ते झालं. "भावकीत एक कार्य हाय, ते उरकू द्या." तेही उरकलं.

या दिवाळीनंतर तुम्ही आलात तेव्हा मी फारच बोलले. म्हणाले, "इंदूताई, तुम्ही लेकराला नखशिखान्त नटवता. पण ते कपडे घालून ती तुमच्या अंगणात एकदा उभी राहू शकत नाही. मग काय उपयोग?" तुम्ही मशीनवर शिवून आणलेल्या परकराला हातानं तुरपाई करत होतात. मान वर केली नाहीत.

"त्या घरात मी हाय, सुमनताई. तुमी बाहेरून दार ठोकता. मी आतून कडी ढिली करतीय. तिला आवाज नाय होत."

"आवाज व्हायला पाहिजे."

"मग कडी तुटती."

तुम्ही परकर पुरा केलात, मैत्रीला घालून बघितलात, दुमड पुन्हा एकदा तपासलीत आणि गेलात. जाताना नेहमीसारखा माझ्या दंडाला हात लावलात. मीही "सावकाश जा" म्हणाले. भांडलो असं कुणी म्हणालं नसतं. पण त्यानंतर फोनवर आपण मैत्रीच्या खोकल्याबद्दल बोललो, कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोललो, त्या विषयाला दोघीही शिवलो नाही. कोण बरोबर होतं, मला अजून ठरवता येत नाही.

तुमच्या थोरल्याचा फोन मनीषाला सकाळी आला. "मनीषा, आई गेली. झोपेतच गेली. तू ये." त्यानं 'ये' म्हटलं, म्हणून आम्ही निघालो. मैत्रीला शेजारी ठेवलं. वाटेत मनीषा एकदाच बोलली, "तात्यांनी हाकललं तर?" प्रशांत म्हणाला, "तर रस्त्यावर उभं राहू. आई दिसेल तिथून."

कुणी हाकललं नाही. अंगणात पांढऱ्या टोप्यांची माणसं बसली होती, ती नुसती सरकली. तात्या ओट्यावर होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच माणूस, पण त्या दिवशी पोत्यासारखा बसलेला. त्यांनी मनीषाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तुमची थोरली सून बाहेर आली आणि माझा हात धरला. "सुमनताई ना? या, आत या." तिनं मला नावानं ओळखलं. "तुमचं नाव घरात रोज असायचं," ती म्हणाली.

तुम्ही हिरवी साडी नेसून निजला होतात. मनीषा तुमच्या पायाशी बसली. मी भिंतीला टेकले. जे बोलायचं ते बोलण्यासारखी ती जागा नव्हती.

नंतर बाहेर आले तर अंगणाच्या कडेला बाभळीखाली बायांचा एक घोळका उभा होता. द्राक्षांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून येणारी माणसं, तुमच्या मळ्यात राहणारी. त्या रडत होत्या. एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं. त्याच्या अंगातलं झबलं पांढरं, कोरं, मलमलीचं, शिवण बाहेरून. बाजूच्या पोरीच्या फ्रॉकला खाली दुमडीची रेघ आणि पुढे दोन खिसे. मी बघतच राहिले. तुमची सून शेजारी येऊन उभी राहिली.

"आत्याबाई आता कुणाला उतरलेलं देत नव्हत्या," ती म्हणाली. "म्हणायच्या, सुमनताईंनी सांगितलंय. ह्या बायांच्या घरात बाळ झालं की त्या आधी नवं कापड आणायच्या आणि धुवायला बसायच्या. आम्ही चिडायचो. एका झबल्याला एवढं पाणी कशाला?"

इंदूताई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. एका शब्दानं नाही. गोधडीच्या दोन टोकांना बसून आपण इतक्या दुपारी बोललो, आणि हे तुम्ही मागे ठेवलंत. मी तुमच्या घरात कधी गेले नव्हते असं मी म्हणत होते, आणि माझं बोलणं तिथल्या पोरांच्या अंगावर फिरत होतं. मी त्या बाईजवळ गेले, बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. ती मला ओळखत नव्हती. मी तिथंच रडले, घरात रडले नव्हते तेवढं.

आता जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते.

मनीषाला दिवस गेलेत. तुम्ही गेलात तेव्हा तिसरा सरत होता. तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं, आणि तुम्हाला फोनवर नाही, समोर बसवून सांगायचं होतं. म्हणाली, "आईचा चेहरा बघायचाय मला." तुम्ही संक्रांतीला येणार होतात. म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. आता हे कागदावर सांगते आहे. मला तुमचा चेहरा दिसतो, पण तिला बघायचा होता.

तेरावं झाल्यावर तिनं थोरल्या भावाला सांगितलं. त्यानं घरात सांगितलं असणार. कारण गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली आणि मैत्री दार उघडायला धावली. मी आतून बघितलं. दारात तात्या. एका हातात गव्हाची पिशवी, दुसऱ्या हातात टोपी. आत पाऊल टाकत नव्हते. दोघं एकमेकांकडे बघत होते, एवढा मोठा माणूस आणि एवढीशी पोर.

"तुम्ही कोण?" मैत्रीनं विचारलं.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "मी... सायखेड्याचा."

"माझी आजी पण सायखेड्याची आहे. ती वारली," मैत्री म्हणाली. "आत या ना."

ते आत आले. तुम्ही बसायचात तसेच दिवाणाच्या काठावर बसले. मी चहा ठेवला. माझा राग गेलेला नाही, इंदूताई, तो इतक्यात जाणारही नाही. पण चहा चांगला केला, आलं घालून. मनीषा समोर भिंतीला टेकून उभी होती. प्रशांतनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. बराच वेळ फक्त मैत्री बोलत होती.

कप खाली ठेवून तात्या म्हणाले, "बाळंतपनाला घरी ये."

"आई नाही तिथं," मनीषा म्हणाली.

"मी हाय की."

मनीषा बघत राहिली त्यांच्याकडे. "तुम्ही तेव्हाही होतात, तात्या," ती म्हणाली. चढ्या आवाजात नाही. अगदी हळू.

त्यांनी ते ऐकून घेतलं. उठून गेले नाहीत. मान हलवली, "व्हतो," म्हणाले, आणि बसून राहिले. जेवायची वेळ झाली तेव्हा मी पाच पानं मांडली. ते जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला.

मनीषानं अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मी मधे पडणार नाही, ते त्या बाप-लेकीनं बघायचं. तात्या निघाले तेव्हा मैत्री त्यांचं बोट धरून जिना उतरून खाली गेली. गॅलरीतून मला दोघं दिसत होते. मोटारसायकल सुरू करून ते तसेच थांबले, आणि तिनं काहीतरी विचारलं. वर आल्यावर मी म्हणाले, काय गं विचारलंस?

"परत कधी येणार म्हणून."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, येत्या रविवारी."

आज शनिवार आहे. मनीषा डाळ भिजत घालते आहे.